गाठीचा इतिहास आणि दहावी शिकलेल्या बायका

दीपनगर आणि आजूबाजूच्या गावांमधल्या आपल्या बचत गटांच्या कामाच्या निमित्ताने आम्ही तुमच्याशी नेहमी बोलतो ते हप्त्याचं, कर्जाचं, पापड-कुरडयांच्या ऑर्डरचं. आज विषय वेगळा आहे. स्वयंपाक चालू असेल तर चालू राहू द्या, पण रेडिओचा आवाज कमी करू नका. घरात सासरे-दीर असतील तरी कमी करू नका. आज आपण स्तनाच्या कॅन्सरविषयी बोलणार आहोत.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. आमच्या एका गटात एक काकू होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कापूस वेचायला सगळ्यांच्या पुढे, हप्ता कधी चुकवला नाही. एक दिवस अंघोळ करताना त्यांच्या हाताला गाठ लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वेचणीचे दिवस होते, मग मुलीचं लग्न निघालं, मग सुनेचं बाळंतपण आलं. अकरा महिने त्यांनी ते दुखणं अंगावर काढलं. त्या अकरा महिन्यांत गटाच्या अकरा बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीला त्या आमच्यासमोर सतरंजीवर बसल्या होत्या. आम्ही हप्ता विचारला, सही घेतली, तब्येत विचारली नाही. गाठ लिंबाएवढी झाली, वरची कातडी ओढली गेली, तेव्हा मुलाने दवाखान्यात नेलं. तोवर आजार बगलेत आणि पुढे हाडांत पोचला होता. दीड वर्षाने काकू गेल्या.

त्यानंतर आम्ही आपसात खूप बोललो. काकू अडाणी नव्हत्या. दवाखाना फार लांब होता असंही नाही. मग त्या थांबल्या कशासाठी? त्यांनीच एकदा सांगितलं होतं, "सांगून काय होणार होतं? त्या रोगाचं माणूस वाचतं का?" हे वाक्य काकूंचं एकटीचं नाही. त्यांच्या आईचं आहे, आजीचं आहे. ते आलं कुठून हे शोधायला आम्ही मागे मागे जात राहिलो, आणि हाती लागला तो या आजाराचा आणि त्याच्या उपचाराचा इतिहास. तोच आज सांगायचा आहे. कारण त्यातून एक गोष्ट आम्हाला स्पष्ट कळली. आपली भीती जुनी आहे, उपचार नवे आहेत. भीती खरी होती, पण ती ज्या काळाची होती तो काळ गेला.

हा आजार आजकालच्या खाण्यापिण्याने आला असं पुष्कळजणी म्हणतात. तसं नाही. इजिप्त देशात साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं वैद्यकाचं एक हस्तलिखित सापडलं. त्यात स्तनातल्या फुगीर, हाताला गार लागणाऱ्या गाठींचं वर्णन आहे आणि यावर उपाय नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मांसाच्या अशा गाठींना अर्बुद म्हटलं आहे. गाठ काढताना थोडी जरी मागे राहिली तरी ती पुन्हा वाढते, हेही त्या वैद्यांनी ओळखलं होतं. म्हणजे आजार जुना, आणि तो लवकर व पूर्ण काढायला हवा ही समजही जुनी. नव्हती ती सोय. भूल देण्याचं शास्त्र नव्हतं, जखम चिघळू नये म्हणून औषध नव्हतं.

त्या काळच्या एका बाईने आपल्यावर काय गुजरलं ते लिहून ठेवलं आहे. फॅनी बर्नी ही इंग्लंडची नावाजलेली लेखिका. १८११ साली ती पॅरिसला राहत होती. डॉक्टरांनी स्तनातली गाठ कॅन्सरची ठरवली आणि ३० सप्टेंबरला तिच्या घरीच तिचा स्तन काढला. भूल नाही. ती शुद्धीवर होती. पुढे तिने बहिणीला लांबलचक पत्र लिहून हे सगळं कळवलं. फॅनी त्यानंतर २८ वर्षं जगली. पण तिच्यासारख्या नशिबाच्या थोड्या. बाकीच्या बायकांनी गाठ लपवली, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? सांगितलं असतं तर पुढे तेच होतं.

१८४६ साली अमेरिकेत बोस्टन शहरात इथर हुंगवून शस्त्रक्रिया करून दाखवली गेली आणि भूल द्यायची पद्धत जगभर पसरली. पुढे अमेरिकेतच बाल्टिमोर इथे विल्यम हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने १८८० नंतरच्या काळात नवी शस्त्रक्रिया रूढ केली. त्यात पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि बगलेतल्या गाठी असं सगळं एकदम काढत. छाती खोलगट व्हायची, हात सुजायचा. तरी बायका वाचू लागल्या होत्या, म्हणून जवळजवळ ७० ते ८० वर्षं जगभरचे सर्जन हेच करत राहिले. आपल्या आजीच्या पिढीने ज्या मोजक्या बायका उपचार घेऊन परत आलेल्या पाहिल्या, त्या अशा आल्या. खोलगट छाती, सुजलेला हात, आणि पदर घट्ट लपेटलेला. मग घरोघरी तेच बोललं जाणार की यापेक्षा न सांगितलेलं बरं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपल्याकडे जुनी माणसं "कॅन्सर झाला" असं म्हणत नाहीत, "टाटाला नेलं" असं म्हणतात. भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला, बरोबर एक पिशवी, स्टोव्ह आणि घरातलं एक माणूस. टाटा म्हणजे परळचं टाटा स्मारक रुग्णालय. त्याची कथा एका बाईपासून सुरू होते. लेडी मेहेरबाई टाटा या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या सारडा कायद्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या, बायकांच्या संघटना बांधणाऱ्या बाई. १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने परदेशात त्या गेल्या. पैशाला तोटा नव्हता, डॉक्टरांना तोटा नव्हता, तरी इलाज नव्हता. असं रुग्णालय आपल्या देशात असावं हे दोराबजींच्या मनाने घेतलं, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या ट्रस्टने ते काम पुरं केलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सात मजली रुग्णालय उघडलं. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आजही देशभरातून माणसं तिथे येतात.

रुग्णालय झालं, डॉक्टर झाले, यंत्रं आली. पण एक दुखणं तसंच राहिलं. बायका पोचायच्या तेव्हा गाठ फुटलेली असायची. मोठं रुग्णालय मुंबईत असून काय उपयोग, बाई जर घरातच अकरा महिने बसून राहिली?

या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर मुंबईतून नाही, बार्शीतून आलं. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. १९८७ साली तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात रुग्ण स्वतः दवाखान्यात येतो, तिथे नोंद होते. खेड्यात तो येतच नाही. म्हणून नोंद करणारी माणसं गावोगाव हिंडू लागली. सरपंच, शिक्षक, दाई, म्हाताऱ्या बायका, सगळ्यांना विचारू लागली. आणि विचारता विचारता सांगूही लागली, की अंगावरून मधेच रक्त गेलं, गाठ लागली, तोंडातली जखम भरून आली नाही, तर दाखवा. काही वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका आता पूर्वीपेक्षा लवकर येत आहेत, पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच. कुठलं महागडं यंत्र गावात गेलं नव्हतं. गेलं होतं ते माणूस, आणि त्याने तोंड उघडून विचारलं होतं.

आता मुंबईतलं काम ऐका. हेच आम्हाला तुम्हाला सांगायचं होतं. १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. गौरवी मिश्रा अशा डॉक्टरांनी तो चालवला. श्रीमंत देशांत स्तनाची तपासणी मॅमोग्राफीने, म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे काढून करतात. आपल्या गावोगावी ते यंत्र आणि तो एक्स-रे वाचणारा डॉक्टर कुठून आणायचा? म्हणून त्यांनी साधा प्रश्न घेतला. शिकवलेल्या हाताने केलेली तपासणी पुरेल का?

आणि हात कुणाचे? डॉक्टरांचे नाहीत, नर्सबाईंचेही नाहीत. किमान दहावी शिकलेल्या मुली आणि बायका घेतल्या. त्यांना चार आठवडे शिकवलं. स्तन कसा तपासायचा, बोटं कशी फिरवायची, बगल कशी पाहायची, कातडीत आणि बोंडात काय बदल पाहायचे. मग त्या वस्तीवस्तीत गेल्या. १,५१,५३८ बायका या अभ्यासात होत्या, वय ३५ ते ६४. त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी, अशा चार फेऱ्या. दुसऱ्या गटाला कॅन्सरची माहिती एकदा दिली. त्यानंतर दोन्ही गटांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. एकूण २० वर्षं. एवढ्या वर्षांत मुंबईतल्या वस्त्या तुटल्या, लोक घरं बदलून गेले, तरी दारोदार जाऊन चौकशी चालू राहिली.

निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना कॅन्सर निघाला त्यांच्यात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटात ४७ टक्के होतं, तपासणी झालेल्या गटात ते ३७ टक्क्यांवर आलं. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयाच्या मिळून पाहिलं तर १५ टक्के घट दिसली, पण ती योगायोगाचीही असू शकते असं त्या डॉक्टरांनीच लिहिलं. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. आम्हीही लपवत नाही. हाताची तपासणी म्हणजे जादू नाही. पण आमच्या काकूंच्या वयाच्या बायका तिने वाचवल्या.

मैत्रिणींनो, हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प बसलो. दहावी शिकलेल्या बायका आणि चार आठवडे. आपल्या गटांत दहावी-बारावी झालेल्या किती सुना आहेत! आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत. आपल्याला कुणी डॉक्टर व्हायला सांगत नाही. पण "हे आपलं काम नव्हे" असं म्हणायला आता जागा राहिली नाही.

या दरम्यान उपचारही बदलले. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर या डॉक्टरांनी हॉल्स्टेडच्या पद्धतीला प्रश्न विचारला. गाठ लहान असेल तर सगळा स्तन काढायचा कशाला? फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून वर शेक दिला तर? त्यांचे पहिले निष्कर्ष १९८१ आणि १९८५ साली आले. त्याच बायकांवर २० वर्षं लक्ष ठेवून २००२ साली दोघांनी दाखवलं की गाठ लहान असताना स्तन राखला काय आणि काढला काय, बायका सारख्याच जगतात. म्हणजे लवकर येणाऱ्या बाईला आज पुष्कळदा स्तन न गमावता बरं होता येतं. आजीच्या काळी लवकर सांगितलं तरी स्तन जायचा. आज उशिरा सांगितलं तर जातो. भीतीचं गणित उलटं झालं आहे, आणि आपण अजून जुनंच मांडत बसलो आहोत.

आता थोडं आजचं. भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आज स्तनाचाच आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार देशात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो झाला आणि सुमारे ९८ हजार गेल्या. आईला-बहिणीला असेल तर धोका वाढतो हे खरं, पण तो होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. तेव्हा "आमच्यात कुणाला नाही" हे कारण पुरत नाही. पुरुषांनाही तो क्वचित होतो.

काय पाहायचं ते नीट ऐका. स्तनात किंवा बगलेत गाठ किंवा कडकपणा. एका स्तनाचा आकार बदलणं. कातडीला खळगा पडणं, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होणं. बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा रक्ताळलेलं पाणी येणं. बोंडावरची न भरणारी जखम. यातली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि तिथेच आपण फसतो. आपल्याला दुखेल त्याचीच काळजी करायची सवय आहे. इथे न दुखणाऱ्या गाठीची आधी काळजी करायची. आणि हेही लक्षात ठेवा, स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कोणती आहे आणि कोणती नाही हे शेजारीण, भगत किंवा आपण ठरवायचं नाही. ते डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी नाहीतर सोनोग्राफी, आणि सुईने घेतलेला तुकडा, या तिन्हींतून ठरतं. सुई लावली की गाठ पसरते हा समज खोटा आहे. त्या भीतीने घालवलेले दिवस मात्र खरोखर घातक ठरतात.

स्वतःचे स्तन स्वतः तपासावे का, असं पुष्कळजणी विचारतात. याचाही इतिहास आहे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त बायकांचा असाच अभ्यास झाला. निम्म्या बायकांना स्वतःची तपासणी पद्धतशीर शिकवली. २००२ साली निकाल आला, की एवढ्यानेच मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून स्वतः पाहिलं म्हणजे झालं, असं समजू नका. आपलं अंग आपल्या ओळखीचं असावं, बदल दिसला तर त्याच आठवड्यात दाखवावा, आणि शिकलेल्या हाताची तपासणी वेगळी करून घ्यावी.

ती कुठे? २०१६ पासून सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी स्तनाची, गर्भाशयाच्या तोंडाची आणि तोंडाच्या पोकळीची तपासणी ठरवलेली आहे. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मागायची. त्याआधी आशाताई घरी येऊन एक अर्ज भरते. त्यात स्पष्ट प्रश्न आहे, स्तनात गाठ आहे का? आता खरं सांगा, आपण उत्तर कुठे देतो? ओट्यावर. खाटेवर सासरे बसलेले, दारात दीर उभा, शेजारीण कान देऊन. आशाताई विचारते आणि आपण मान हलवून "नाही" म्हणतो. काकूही असंच "नाही" म्हणाल्या होत्या. अर्जावर "नाही" लिहिलं गेलं आणि गाठ पदराखाली वाढत राहिली.

म्हणून आमच्या गटांनी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, आशाताई आली की तिला घरात घ्यायचं आणि दार लोटून घ्यायचं. अर्ज ओट्यावर भरायचा नाही. दोन, महिन्याच्या बैठकीत हप्ता घेण्याआधी पाच मिनिटं फक्त बायका-बायकांनी बोलायचं. कुणाला काही लागलं का, कुणाला काही दिसलं का. पहिल्या दोन बैठकांना कुणी बोललं नाही, सगळ्या हसल्या. तिसऱ्या बैठकीनंतर चप्पल घालता घालता एका सुनेने हळूच सांगितलं. तिची गाठ साधी निघाली, औषधाचीही गरज पडली नाही. पण ती बोलली, हे आमच्यासाठी मोठं होतं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात कुठे ठेवलं आहे ते आज संध्याकाळीच बघून ठेवा. कागद शोधण्यात आठवडे जातात हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि गावचं भाडं, बरोबरच्या माणसाची मजुरी बुडणं, यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहेच. म्हशीसाठी देतो, मग बाईसाठी का नाही?

मेहेरबाईंच्या काळी इलाज नव्हता. फॅनीच्या काळी भूल नव्हती. आजीच्या काळी स्तन वाचत नव्हता. आपल्या काळी हे तिन्ही आहे. फक्त आपण वेळेवर सांगायला हवं, आणि दुसरीला वेळेवर विचारायला हवं. येत्या बैठकीला आम्ही हप्त्याआधी तुमची तब्येत विचारणार आहोत. तुम्हीही आमची विचारा.